हे कुणी ठरवलं, बाई?

तालुक्याच्या गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान आणि गणित शिकवते. संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे, त्यामुळे एआय हा विषयही ओघानेच माझ्याकडे आला. सीबीएसईच्या शाळांत नववीला तो २०१९-२० पासून ऐच्छिक विषय आहे. त्यांच्याकडे अभ्यासक्रम आहे, पुस्तक आहे. आमच्याकडे शनिवारच्या सकाळच्या शाळेतले मोकळे तास होते, चालू स्थितीतले मोजके संगणक होते आणि मुलांच्या घरोघरी फोन होते. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. मग हळूहळू आमच्या नववीच्या निबंधांची भाषाही बदलू लागली. पुस्तक येईल तेव्हा येईल, मुलं थांबणार नव्हती. त्या शनिवारच्या तासांतून मला जे उमगत गेलं, ते इथे लिहिते आहे. काही मुद्द्यांवर माझं मन अजून स्थिर झालेलं नाही; तेही तसंच ठेवलं आहे.

१. यंत्र उघडून दाखवता आलं, की मुलांची भीती आणि भक्ती दोन्ही उतरतात.

एआय शिकवायला संगणक लागतोच, असं मलाही वाटायचं. मग काडेपेट्यांबद्दल वाचलं. डोनाल्ड मिकी या ब्रिटिश संशोधकाने १९६१ मध्ये ३०४ काडेपेट्या आणि रंगीत मणी घेऊन फुली-गोळा शिकणारं एक ‘यंत्र’ तयार केलं होतं. पुढच्याच वर्षी मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्याचं छोटं रूप दिलं: नऊ घरांचा पट, दोन्ही बाजूंना तीन-तीन प्यादी आणि फक्त २४ काडेपेट्या. प्यादं एक घर सरळ पुढे जातं, तिरकं मारतं. पलीकडच्या रांगेत पोचलात, समोरच्याची सगळी प्यादी मारलीत किंवा त्याला चालच उरू दिली नाहीत, की जिंकलात. प्रत्येक पेटीवर पटाची एक स्थिती काढलेली असते, त्या स्थितीतल्या शक्य चाली वेगवेगळ्या रंगांच्या बाणांनी दाखवलेल्या असतात आणि पेटीत त्या त्या रंगाचा एकेक मणी असतो. यंत्राची पाळी आली की जुळणारी पेटी हलवायची आणि न बघता एक मणी काढायचा. ज्या रंगाचा मणी, ती चाल. यंत्र हरलं, की त्याच्या शेवटच्या चालीचा मणी पेटीतून कायमचा बाहेर. एवढाच नियम.

काडेपेट्या मुलांच्या घरून आल्या (आतल्या काड्या घरीच काढून घ्या, अशी चिठ्ठी पालकांना पाठवली होती). मणी मुलींनी राख्या करायला आणलेले होते. सुरुवातीला यंत्र भराभर हरलं. वर्गाने टाळ्या पिटल्या. मग हळूहळू ते चिवट झालं, आणि तासाच्या शेवटी शेवटी त्याला हरवणं कुणालाच जमेना. एक मुलगा उठून पेट्या उघडून पाहू लागला. आत काहीच नवं नव्हतं, उलट मणी कमी झाले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, त्याला खेळ कळला नाही. हरायच्या वाटा आपणच काढून घेतल्यात.” मशीन लर्निंगची याहून नेमकी व्याख्या मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकली नाही.

पुढच्या शनिवारी एका गटाला मी नियम उलटा करायला सांगितलं: यंत्र जिंकलं की मणी काढा. त्यांच्या पेट्या मन लावून हरायला शिकल्या. मुलं आधी हसली आणि मग गप्प झाली. म्हणजे यंत्र काय शिकणार, हे मणी काढणारा ठरवतो? हो. मग फोनमधल्या यंत्राचे मणी कोण काढतं? त्या दिवसापासून वर्गात कुठल्याही एआयबद्दल बोलणं निघालं, की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच: हे कुणी ठरवलं, बाई?

२. नीतीचा तास वेगळा लावावा लागत नाही. तंत्र नीट शिकवलं, की तो त्याच्या आतच असतो.

अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने शाळकरी मुलांसाठी एआय आणि नीतीचा एक अभ्यासक्रम केला आहे. त्यात मुलांना ‘सर्वोत्तम’ सँडविचची कृती लिहायला सांगतात. आम्ही पोहे घेतले. सगळ्यांत चांगले पोहे करायची पायरी-पायरीने कृती लिहा, एवढंच सांगितलं. वर्गात जुंपली. कुणाला बटाटा हवा, कुणाला नको. एकाच्या घरी चातुर्मासात कांदा चालत नाही. एकीच्या आजोबांना दात नाहीत, म्हणून शेंगदाणे वर्ज्य. एकाचे वडील स्टँडवर नाश्त्याची गाडी लावतात, तो म्हणाला, “चांगले म्हणजे पहाटे केले तरी दहा वाजेपर्यंत मऊ राहतील ते.” आणि एका मुलीने लिहिलं होतं, “ज्यात आईला लवकर उठावं लागणार नाही ते.”

फळ्यावर मी उभे-आडवे रकाने आखले. आडव्या ओळीत आई, आजोबा, गाडीवाला, गिऱ्हाईक, खाणारं पोर. उभ्या रकान्यांत चव, खर्च, वेळ, तब्येत. मग तोच तक्ता पुसून नवा आखला: यूट्यूबचा ‘पुढचा चांगला व्हिडिओ’. पाहणारा मुलगा, त्याची आई, व्हिडिओ करणारा, जाहिरात देणारा, कंपनी. ‘चांगला’ म्हणजे कुणासाठी चांगला, हे भरायला त्यांना माझी गरज पडली नाही. कंपनीच्या रकान्यात बहुतेकांनी एकच गोष्ट लिहिली: आपण जास्त वेळ थांबू तो. चांगलं-वाईट यावर मी चकार शब्द काढला नव्हता.

३. यंत्राचा पूर्वग्रह मुलांना सांगून पटत नाही. त्यांच्या हातून घडला, की कायमचा पटतो.

आमच्याकडे बहुतेक घरांत सोयाबीन. मोझॅक रोगाने पिवळं पडलेलं पान इथलं शेंबडं पोरही ओळखतं. म्हणून आम्ही गूगलच्या टीचेबल मशीनवर निरोगी आणि रोगट पान ओळखणारं एक मॉडेल तयार करायचं ठरवलं. हे साधन मी मुद्दाम निवडलं, कारण आपण होऊन जतन केल्याशिवाय त्यातले फोटो संगणकाबाहेर जात नाहीत. निरोगी पानं मुलांनी वर्गात आणून पांढऱ्या कागदावर ठेवून टिपली. रोगट पानं मात्र शेतातच, मातीवर ठेवून टिपलेली होती. रोगट पान घरी कशाला आणायचं, असा त्यांचा सरळ विचार. मॉडेल झकास चाललं. शंभर टक्के, शंभर टक्के, असं पडद्यावर येत होतं आणि वर्ग खूश होता.

मग मी एक टवटवीत हिरवं पान कुंडीतल्या मातीवर ठेवलं. उत्तर आलं, रोगट. पिवळं पान कागदावर ठेवलं. निरोगी. यंत्र पान पाहतच नव्हतं, माती आणि कागद पाहत होतं. वर्गात इतकी शांतता मी क्वचितच अनुभवली आहे. मग शेतकऱ्याचा एक मुलगा सावकाश म्हणाला, “यावर भरवसा ठेवून आमच्या बाबांनी फवारणी केली असती, तर पैसे गेले असते ना.” एका ओळीत त्याने चूक, तिची किंमत आणि ती किंमत कोण भरणार, हे तिन्ही मांडलं.

त्यानंतर मी त्यांना जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांचं २०१८ मधलं काम सांगितलं. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या, बाजारात असलेल्या तीन प्रणाली त्यांनी तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होतं. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. वर्गातल्या मुलींनी आपापले हात पाहिले. कारण मला समजवावं लागलं नाही. “त्यांच्याकडे गोऱ्या बाप्यांचेच फोटो जास्त असतील, आपल्या कागदासारखे,” एकीने सांगून टाकलं.

४. अस्खलित बोलणाऱ्यावर विश्वास ठेवायची आपली सवय फार जुनी आहे, आणि शाळेनेच ती जोपासली आहे.

चॅटबॉटशी मुलांची ओळख मी एकाच पडद्यावर, माझ्या खात्यातून, सगळ्यांसमोर करून देते. एकदा आम्ही त्याला पाणी वाचवण्यावरचा तुकाराम महाराजांचा अभंग मागितला. क्षणात आला. शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ होतं, यमक जुळलेलं होतं, भाषाही जुनी वाटावी अशी. अर्ध्या वर्गाने वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली. मी विचारलं, हा गाथेत कुठे आहे?

ग्रंथालयात गाथा होती. साडेचार हजारांहून जास्त अभंग, पण मागे अनुक्रमणिका असते, आणि ती पाहायची असते हेही बहुतेकांना त्या दिवशी कळलं. सापडला नाही. कारण तो नव्हताच. पुढचा शब्द कुठला शोभेल, हे जुळवत जाणारं ते यंत्र. खरं काय ते साठवून ठेवलेलं कपाट त्याच्यात नाही. इंग्रजीच्या मानाने मराठीत त्याने वाचलेलंही कमी. म्हणून आपली गावं, आपले संत, आपले किल्ले यांच्याबद्दल ते बिनदिक्कत बोलतं आणि तिथेच जास्त घसरतं. आमच्या गावाच्या नावामागची कथा विचारली, तर एक राजा आणि एक विहीर हजर झाली. गावात तशी विहीर नाही.

पण मला खरं चकित केलं ते एका वारकरी घरातल्या मुलाने. गाथा उघडायच्या आधीच तो म्हणाला होता, “बाई, हा महाराजांचा नाही.” का, ते त्याला सांगता येईना. लहानपणापासून आजोबांच्या मांडीवर बसून हरिपाठ आणि कीर्तन ऐकलेलं पोर ते. त्याच्या कानालाच खटकलं. गणितात तो कसाबसा पास होतो, मागच्या बाकावर बसतो. तेव्हापासून पडताळणीचा विषय निघाला, की मी पुस्तक आणि संकेतस्थळ यांच्या जोडीने ‘घरातलं जाणतं माणूस’ असंही फळ्यावर लिहिते. पेरणीबद्दलचं उत्तर शेतात राबणाऱ्या आईला विचारून यायचं. औषधाबद्दलचं उत्तर आरोग्य केंद्रात. मुलं घरच्यांकडे प्रश्न घेऊन जाऊ लागली, याचा आनंद मला एआय शिकवल्याच्या आनंदापेक्षा जास्त आहे.

५. गृहपाठाचं भांडण हे फसवणुकीचं भांडण नाही, ते मेहनतीच्या वाटणीचं आहे.

तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०२४ मध्ये पुढे आला. गणिताच्या सरावात ज्यांना सरळ चॅटबॉट दिला, त्यांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला. नंतर तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधीच मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा ते १७ टक्क्यांनी मागे पडले. तिसऱ्या गटाचा चॅटबॉट उत्तर न देता फक्त इशारे देई. त्यांचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही. हे आकडे मी पालकसभेतही सांगते आणि वर्गातही. नववीच्या मुलांना आकडे कळतात; ‘मोबाइल वाईट’ हे ऐकून त्यांचे कान किटले आहेत.

म्हणून आमच्याकडे रीत अशी पडली: आधी वहीत स्वतःचं, चुकीचं असलं तरी चालेल. मग हवं तर यंत्राला विचारा. मग दोन्हींतला फरक लिहा. आणि कुणालाही फळ्यापाशी बोलावलं जाईल. फळ्यापाशी उभं राहून समजावता आलं, तर ते तुमचं.

‘एआय पकडणारं’ सॉफ्टवेअर मात्र मी वापरत नाही. ओपनएआयने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध अशा साधनांनी यंत्राचे ठरवले. जपून, साधी, घोटून पाठ केलेली इंग्रजी लिहिणारं मूल म्हणजे आमच्याच वर्गातलं मूल. अशा यंत्राच्या शब्दावर त्याला चोर ठरवायला मी तयार नाही.

६. बनावट फोटोंबद्दल बोलायला उशीर करून चालत नाही, आणि आडून आडून बोलूनही.

सुरुवात मी सचिन तेंडुलकरपासून करते. जानेवारी २०२४ मध्ये एका गेमिंग ॲपची भलामण करणारा त्याचा व्हिडिओ फिरला होता. तो बनावट असल्याचं त्याला स्वतः जाहीर करावं लागलं. मुलांना हे लगेच कळतं. मग विचारते, सचिनने सांगितलं तर देश ऐकतो. आठवीतल्या मुलीने सांगितलं तर कोण ऐकेल?

स्पेनमध्ये आल्मेंद्रालेखो नावाचं गाव आहे. २०२३ मध्ये तिथल्या शाळकरी मुलांनी ओळखीच्या मुलींचे साधे फोटो एका ॲपमध्ये घालून त्यांची नग्न चित्रं तयार केली आणि व्हॉट्सॲपवर फिरवली. वीसहून जास्त मुली. पुढच्या वर्षी बालन्यायालयाने १५ अल्पवयीन मुलांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली. हे मी मुलामुलींना एकत्र बसवून सांगते, आवाज खाली न आणता. आपल्याकडे पॉक्सो कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर संगणकावर तयार केलेली किंवा बदललेली अशी प्रतिमाही येते, हे सांगते. पुढे पाठवणाराही सुटत नाही, हेही सांगते. आणि मुलींकडे पाहून एक वाक्य दोनदा म्हणते: असं काही झालं तर त्यात तुझी काहीही चूक नाही, तू फोटो का टाकलास असं मी तुला कधीच विचारणार नाही. फळ्यावर १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय तक्रार संकेतस्थळाचं नाव लिहिते. ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यायचं, मुलांनीसुद्धा.

७. मुलं यंत्राशी मन मोकळं करतात, हे कळलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

“बाई, तो कधी चिडत नाही,” एक मुलगी म्हणाली. चॅटबॉटबद्दल बोलत होती. रात्री सगळे झोपले, की आईच्या फोनवर ती त्याच्याशी बोलते. घरी काय चालतं, कुणाला काय वाटतं, सगळं. तिला रागवणं सोपं होतं. पण तिने जे सांगितलं त्यात तक्रार यंत्राबद्दल नव्हतीच. न चिडता ऐकून घेणारं दुसरं कुणी तिला सापडलं नव्हतं, आणि त्या ‘कुणी’मध्ये शाळा होती, मी होते.

१९६६ मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न करायचा, एवढंच तो करी. तो नुसता प्रोग्रॅम आहे हे ठाऊक असलेली त्यांची सचिवसुद्धा त्याच्याशी बोलताना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाता का? वायझेनबाउम हादरले, आणि पुढे अशा यंत्रांचे ते कडवे टीकाकार झाले. ही गोष्ट मी वर्गाला सांगितली, कुणाचंही नाव न घेता. मग दोघा-दोघांनी बसून तो खेळ केला: एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त त्याचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचं. दोन-तीन मिनिटांतच मुलं खरंखुरं बोलायला लागली, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. ऐकून घेतलं जातंय असं वाटायला किती कमी लागतं, हे त्यांना दिसलं. मलाही.

मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ क्रमांक मी देते. मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत न जाता वर्गातच बसते. हे पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. न थकणारं आणि कधीही न रागावणारं यंत्र एकट्या मुलाजवळ ठेवणं योग्य आहे का, यावर माझं मन नाही म्हणतं. पण त्या जागी माणूस ठेवण्याची तयारी आपण दाखवत नाही, तोवर त्या नाहीला काही वजन नाही.

८. मुलांच्या माहितीचं रक्षण करायचं, तर सुरुवात शिक्षकांच्या फोनपासून होते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालची व्यक्ती मूल आहे. तिची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे, शाळांना काही बाबतींत सवलती आहेत. युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शनात वर्गात चॅटबॉटशी स्वतंत्रपणे बोलण्यासाठी किमान वय १३ सुचवलं. कागदावर बरंच काही आहे.

शाळेत मात्र प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो नावानिशी गटावर जातात, कारण वर पुरावा पाठवायचा असतो. मुलं हे पाहतात. म्हणून आता आमच्या वर्गात फोटो काढण्याआधी मुलांना विचारायचं आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला बाजूला उभं राहू द्यायचं, असं ठरलं आहे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मुलं गोंधळली. शाळेत कुणी त्यांची परवानगी मागेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. कुठल्याही ॲपवर खातं उघडणं, आईचा नंबर टाकणं, आधार किंवा निकालपत्राचा फोटो यंत्राला देणं, हे माझ्या तासाला होत नाही.

९. यंत्रामागे माणसं असतात, आणि त्यांतली काही आपल्यासारखीच बोलतात.

यंत्राला मराठी आली कशी? कुणीतरी वाक्यं वाचून दाखवली, कुणीतरी लिहून दिली, कुणीतरी बरोबर-चूक अशी खूण केली. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात ‘भाषादान’ म्हणून सोय आहे. कुणीही आपल्या भाषेतली वाक्यं वाचून आवाज देऊ शकतं. मी वर्गाला विचारलं, आपण द्यावा का? आमच्या इथली बोली पुस्तकातली नाही. फोनला मुलं शुद्ध बोलून आज्ञा देतात आणि आजीचं बोलणं त्याला कळत नाही, म्हणून आजी त्याच्या वाटेला जात नाही. काही जण म्हणाले, द्यायलाच हवा, नाहीतर आपण त्याच्यात कधीच नसू. काही जण म्हणाले, फुकट का? आपल्या आवाजावर कुणी कमावणार असेल, तर आजीला काय? वाद घंटा झाली तरी मिटला नाही. एका मुलाने घरी जाऊन आजीलाच विचारलं. ती म्हणाली, आधी मला सांग, मी बोललेलं कुठं कुठं वाजणार? संमती म्हणजे काय हे शिकवायला मी याहून चांगला प्रश्न शोधू शकले नसते.

१०. लहान वर्गांबद्दल मला काळजी वाटते.

२०२६-२७ पासून तिसरीपासूनच संगणकीय विचार आणि एआय शिकवण्याचं केंद्राच्या शिक्षण खात्याने जाहीर केलं आहे. त्याला माझा विरोध नाही. आठ वर्षांचं मूल वर्गीकरण करू शकतं, नियम शोधू शकतं, ‘हे असंच का?’ असं आपल्या नववीपेक्षा जास्त मोकळेपणाने विचारू शकतं. पण तिसरीच्या वर्गात टॅब आधी आला आणि काडेपेट्या आल्याच नाहीत, तर ती मुलं सहावीपर्यंत सराईत वापरकर्ती होतील, एवढंच होईल. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात. त्यांना एक दिवसाचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि एक पीडीएफ देऊन हा विषय सोपवू नये. मणी, पुठ्ठा, पानं, चित्रं, गोष्टी आणि निवांत वेळ द्यावा. संगणक नसलेल्या शाळेलाही पहिल्या दिवसापासून शिकवता येईल, असा अभ्यासक्रम मराठीत लिहून द्यावा, आणि तो लिहिताना आमच्यासारख्या शाळांतल्या दोन-चार शिक्षकांना बोलवावं. आमच्या काडेपेट्या मी एका जुन्या खोक्यात नीट ठेवल्या आहेत, कुणालाही हव्या असतील तर देईन. फक्त पाचव्या आणि अकराव्या पेटीतले निळे मणी हरवलेत, तेवढे भरून घ्यावे लागतील.